मशीनच्या पोटातली रुई

१२ नोव्हेंबर १९९४
नागपूरहून धूळ ओढायचं मशीन आणलं. अख्खा प्रवास मांडीवर. घरामागचं कापसाचं जिनिंग सुरू झालंय, घरात रुई उडायला लागली. डॉक्टरांचं दरवर्षीचंच: पोरीचा दमा पाहता हंगामभर तिला इथे ठेवू नका. म्हणजे मंजू पुन्हा चार महिने उटनूरला मामाकडे. मागच्या फाल्गुनात आणायला गेलो तर मामीलाच बिलगून रडली. यंदा पाठवायची नाही. बस्स. मेहुणे महिनाअखेर न्यायला येतील, तोवर काय ते करून दाखवायचं.

१३ नोव्हें.
रविवार, जिनिंग बंद. मशीन लावलं आणि फजिती. नळी उलट्या तोंडाला लावली. ओढायचं सोडून मशीन फुंकायलाच लागलं. माळ्यावरची सगळी रुई आईच्या देवांवर. आई: "देवायले रजया पांघरल्या का रे?" सौ. हसून हसून खाली बसली. मंजू खोकायला लागली तसं हसू थांबलं.

१५ नोव्हें.
नळी बरोबर लावली, पण मशीन नुसतं कण्हतं. जिनिंग चालू असेपर्यंत व्होल्टेजच नाही, बल्बसुद्धा तांबडा. जिनिंग सहाला बंद होतं. म्हणजे ऐन दिवेलागणीला. आणि दिवेलागणीला केर काढायचा नाही, हा आईचा कायदा. लक्ष्मी जाते म्हणे. चिडून म्हणालो, पोर घरातून जाते त्याचं काय? आई जेवली नाही. फार वाईट वाटलं.

१६ नोव्हें.
आई म्हणजे आई! पूजा आटोपून स्वतःच हाक मारली.
"ते मशीन केर कुठी टाकते?"
"पिशवीत. त्याच्या पोटातच राह्यते."
"बाहीर नाई टाकत?"
"नाई."
"मंग काऊन थांबून राह्यला? दिवा लागल्यावर केर बाहीर टाकाचा नसते. घरातच राह्यला तं लक्ष्मी कायले जाते? सकाळी टाकजो."
आमच्या तहसीलदारालाही असा हुकूम काढता येणार नाही.

२० नोव्हें.
सहाचा भोंगा झाला की मी कामाला. गाद्या, माळा, पंख्याची पाती. मागून सौ.चं ओलं फडकं. सौ.: "केरसुनी जल्मात हाती धरली नाई, आता मशीन सोडून नाई राह्यले!" खरंय. सकाळी पिशवी उघडली. उशी भरेल एवढी रुई! शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. एवढी पोरीच्या छातीत…

२७ नोव्हें.
सात दिवस झाले. मंजूच्या छातीत शिट्टी नाही. चौकात जाऊन ओरडावंसं वाटतं. जिंकलो!

३० नोव्हें.
मेहुणे आले. भाचीच्या पाठीला कान लावून बराच वेळ बसले. "साफ हाय, भाऊजी. पन हंगाम तं आत्ता कुठी सुरू झाला. गरज पडली तं कळवा." एकटेच परतले. मंजू त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली आणि येताना पळत आली. दारातच उभी, धाप लागलेली. मागे जिनिंग धडधडतंय. आई, सौ., मी, तिघंही कान लावून. शिट्टी येते का ऐकत. हळूहळू धाप बसली.
"असे काऊन पाहून राह्यले सारे? मले भूक लागली."