माझ्या नावापुढचा कोरा चौकोन

६ जानेवारी, सोमवार

नाही केली सही. नाहीच करणार!

सकाळी पहिल्या बॅचचे दहाही पेशंट डायलिसिसच्या मशीनला लागलेले, आणि ऑफिसातून फायर ट्रेनिंगचं रजिस्टर आलं. ट्रेनिंग परवा झालं म्हणे. कुठे? कधी? परवा तर मी डब्यातली पोळीसुद्धा उभ्याउभ्या खाल्ली. चेतनाने — माझी टेक्निशियन, गुणी पोरगी — सगळ्यांच्या आधी सही ठोकली. "दीदी, साइन ही तो है." माझ्या नावापुढचा चौकोन कोराच ठेवला मी.

८ जानेवारी, बुधवार

मॅनेजर निरंजन सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पंचवीस तारखेला तपासणी, आणि सबंध मजल्यावर माझी एकटीची सही बाकी. मी म्हटलं, ट्रेनिंग द्या, सही घ्या. वेळ कुठून आणू, म्हणाले. पहिली बॅच साडेअकराला सुटते, दुसरी बाराला लागते, मधल्या अर्ध्या तासात मशीनं धुवायची. तेही खोटं नाही. पण सुया टोचलेला माणूस आग लागली तर पळेल कसा? त्याला कोणी सोडवायचं? आधी कोणाला? इथे एकालाही ठाऊक नाही. मलाही नाही. हे सांगितलं तर सर हसले. इन्चार्ज बदलता येतो, हेही हसतहसतच म्हणाले.

बदला! अकरा वर्षं काढली आहेत या युनिटात. खोट्या सहीने टिकवायची खुर्ची मला नको.

९ जानेवारी

चेतना बोलत नाही. माझ्यामुळे सगळ्यांवर ठपका येणार, असं तिला वाटतं. वाटू दे. मी माझा राउंड मारला — फ्रीजची वही, ऑक्सिजनची वही, आग विझवायच्या सिलिंडरचं कार्ड, चालता चालता सगळीकडे सह्या केल्या. पेन संपलं.

११ जानेवारी, शनिवार

यशवंतरावांना कुठून कळलं कोण जाणे. रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याचे, दुसऱ्या बॅचला चार नंबरच्या बेडवर असतात. सुई लावताना हळूच म्हणाले, "आग लागली त मले कोन सोडवन, सिस्टर?"

म्हटलं, त्याच्यासाठीच तर भांडून राहिली मी, काका.

मग म्हणाले, "त आमी येतो न एक दिवस तासभर उशिरा. आमच्यातला तास घ्या तुमी."

आणि पडल्यापडल्याच एकेका बेडला विचारलं. दहाही जण तयार! एकाने तर तास कशाला, दीड घ्या म्हटलं. माझे डोळे भरून आले, मास्क डोळ्यांपर्यंत ओढला म्हणून निभावलं.

१३ जानेवारी

दहा पेशंटच्या सह्यांचा कागद सरांच्या टेबलावर ठेवला. आता बोला! वाचला, पुन्हा वाचला. शनिवारी, बारा ते एक, म्हणाले. जिंकले मी! घरी जाताना तेलीबांध्याला ठेल्यावर उभं राहून एकटीने दोन प्लेट गुपचुप — आपली पाणीपुरी — खाल्ले, तिखट पाण्याचे. नाकातून पाणी येईस्तोवर.

१८ जानेवारी, शनिवार

ट्रेनिंग झालं, दवाखान्याच्या अंगणात. ट्यूब कशी बंद करायची, पेशंट कसा सोडवायचा, आधी दाराजवळचा की आतला — सगळं करून पाहिलं. चेतना सगळ्यात चपळ निघाली. यशवंतराव मुद्दाम लवकर येऊन तिथेच खुर्ची टाकून बघत होते.

शेवटी सिलिंडर. आपल्याच भिंतीवरचा काढून आणा, इन्चार्जने आधी चालवायचा, ट्रेनर म्हणाला. मी ऐटीत पिन ओढली, दांडा दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. फुस्ससुद्धा नाही.

ट्रेनरने काटा पाहिला, मग कार्ड उलटवलं. वर्षभरापासून रिकामा असेल, म्हणाला. कार्डावर मात्र दर महिन्याला 'तपासले', आणि पुढे सही.

यशवंतरावांनी विचारलं, कोनाची सही हाये?

चेतनाने खाली पाहिलं. तिला माहीत होतं.

माझी, म्हटलं.