द्राक्षमळ्याला जायचं म्हणजे जायचं

ती. दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघा जितकं वाकू देतो तितकं वाकून, उरलेलं मनातल्या मनात). तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करते. आशाच करावी लागते, कारण फोन केला की तू 'बरंय' एवढं बोलून वहिनीच्या हातात देतोस, आणि वहिनी सांगते ते निराळंच असतं. ती म्हणते, बस चालवायची नोकरी संपल्यापासून तू खिडकीशी बसून रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या चुका काढतोस आणि जेवायला हाक मारली तरी एक वळण उशिरा येतोस. खोकला गेला का? कोमट पाण्याच्या गुळण्या कर. इकडे आम्ही दोघं ठीक. हे शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला लाँड्रीत मदत करतात. म्हणजे मी शर्टाला इस्त्री करत असते आणि हे त्या शर्टाचा कापूस कुठल्या मातीत पिकला असेल ते गिऱ्हाइकाला सांगत असतात. भूगोलाचा मास्तर निवृत्त होतो रे, भूगोल होत नाही.

पत्रास कारण की, आम्ही वाइन चाखायला द्राक्षमळ्यांच्या भागात निघालो आहोत. चष्मा काढून पुसू नकोस, बरोबर वाचलंस. आपल्या घरात बाटलीला कोणी शिवलेलं नाही, बाबा तर खोकल्याचं औषधसुद्धा आधी नाकाशी नेऊन मग संशयानं प्यायचे, हे मला ठाऊक आहे. तरी आधी ऐकून घे. दुकानात एक आर्किटेक्ट येतात. पांढऱ्या शर्टांचा शौक, आणि जेवताना हातवारे करून बोलायचाही शौक, म्हणजे आमच्या धंद्याला देवमाणूस. प्रत्येक शर्टाबरोबर ते मला डागाचं घराणं सांगतात: ही अमक्या डोंगराची वाइन, ही तमक्या उतारावरची. मागच्या महिन्यात एक शर्ट ठेवून म्हणाले, जपून काढा हं, फार उंची डाग आहे. मी सहज बोलून गेले, आजवर एवढे डाग काढले, एकदा चव तरी घ्यायला हवी. त्यावर ते हसले. कुत्सित हसले असते तर मी तिथेच उत्तर दिलं असतं. ते प्रेमळ हसले, आणि तेच झोंबलं. "तुम्हाला काय करायचंय बाई? तुम्ही आपले डाग बघा. चव कळायला जीभ तयार लागते." मी पावती फाडून दिली, वर हसूनही दाखवलं. पण ते गेल्यावर त्या शर्टावर ब्रश असा काही फिरवला की डागाबरोबर दोन बटणंही निघाली. (परत लावली. धंदा तो धंदा.) जीभ तयार लागते म्हणे! लहानपणी माझ्या जिभेला कात्री कोण म्हणायचं? तूच ना? मग ती तयार नाही तर जगात कोणाची तयार आहे? त्याच संध्याकाळी दुकानाचं शटर ओढता ओढता मी यांना सांगितलं, आपण जायचं.

मला वाटलं होतं हे नाही म्हणतील, म्हणजे मला भांडायला बरं. पण यांनी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो अजून उचललेला नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्यानं जेवतो, कारण वाटी ठेवली की एखादी नदी ओली होते. वाइनशी यांना देणंघेणं नाही, वेलीच्या मुळाखालचा खडक बघायचा आहे. तेवढ्यात आमच्या दुकानाच्या वर जिचा दवाखाना आहे ती दातांची डॉक्टरीण पडदे धुवायला टाकायला थेट घरीच आली, नकाशा कसला म्हणून विचारलं, आणि पडदे तिथेच सोडून मीही येते म्हणाली. (चांगली बाई आहे. एकटी राहते, मोठी गाडी ठेवते, आणि माझी अक्कलदाढ काढताना माझ्यापेक्षा जास्त ओरडली होती.) अशी आम्ही तिघं झालो.

आता बुकिंगचं ऐक. तिथला सगळ्यात नावाजलेला मळा निवडून मी फोन लावला. गोड आवाजाची एक मुलगी होती. म्हणाली, द्राक्षतोडणीचा हंगाम आहे, महिनाभर कुठेच जागा नाही, क्षमा करा. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिनं नुसतं मन राखायला विचारलं, तुम्हाला ड्राय आवडते का? मला वाटलं, हिला फोनमधून आमची 'ड्राय क्लीनिंग'ची पाटी दिसली की काय! म्हटलं, आवडीचं काय घेऊन बसलीस पोरी, ड्रायवरच तर आमचं घर चालतंय. स्वतःचं दुकान आहे माझं. पलीकडच्या आवाजात आणखी साखर पडली. म्हणजे तुम्ही धंद्यातल्या आहात? म्हटलं, जन्म गेला. रेड जास्त की व्हाइट? म्हटलं, पांढरे जास्त येतात, पण खरा जीव घेतात ते लाल. ती म्हणाली, अगदी खरंय मॅडम. असं आमचं फार छान जमलं. शेवटी तिनं खुद्द मालकांबरोबरची खास बैठक देऊ केली. व्यापाऱ्यांसाठी राखून ठेवलेली, दुपारच्या जेवणासकट, वर मळ्यातच राहायच्या खोल्या. मी फोन ठेवून यांना म्हटलं, बघा, माणसाशी नीट बोललं की कामं होतात.

यांनी सगळं ऐकून घेतलं, नकाशावरचं भिंग बाजूला ठेवलं आणि वर्गात शेवटच्या बाकाला समजावतात तशा सुरात सांगितलं की, ड्राय वाइन म्हणजे जी गोड नसते ती. दादा, माझ्या हातातली इस्त्री यांच्याच विजारीवर राहिली. (विजार गेली. यांनी कुरकूर केली नाही. चेहऱ्यावर एवढा आनंद होता की विजार त्यातच वसूल झाली असावी.) डॉक्टरीण म्हणाली, गप्प बस, तोंड उघडू नकोस. दातांच्या डॉक्टरनं हे म्हणावं! पण मला काही चैन पडेना. फुकटचं जेवण खोटेपणानं मिळालं तर घास गिळला नसता, आणि आर्किटेक्टसाहेबांना उत्तर द्यायला निघालेली बाई लबाडी करून पोचली तर ते उत्तर कसलं? मी परत फोन लावला आणि खरं सांगून टाकलं, की मी वाइन विकत नाही, पुसते. ती मुलगी इतकी हसली की फोन बहुतेक खाली पडला, मग कोणाकोणाला बोलावून माझ्याकडून तेच पुन्हा वदवून घेतलं. शेवटी ती म्हणाली, मालक विचारतायत, टेबलांवर अंथरायची पांढरी कापडं आहेत, त्यांच्यावरचे जुने डाग निघतील का? म्हटलं, डाग बघितल्याशिवाय मी कोणालाच शब्द देत नाही. पलीकडे कुजबुज झाली. मग बघायलाच या म्हणतायत, ती म्हणाली, जेवण कायम. तर दादा, मी माझ्या नावावर, माझ्या धंद्यावर जाते आहे, हे लक्षात घे.

जायचं तर तयारीनं, म्हणून आम्ही रंगीत तालीम केली. डॉक्टरणीनं कुठेसं वाचलं होतं की, जाणकार लोक वाइन पीत नाहीत. वास घेतात, तोंडात खेळवतात आणि थुंकतात. मग त्यासाठी दवाखान्याहून चांगली जागा कुठली? संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर आम्ही वर जमलो. मी त्या आडव्या खुर्चीत, गळ्याला कागदी रुमाल, डोक्यावर तो सूर्यासारखा दिवा (रंग पारखायला), बाजूला गोल गोल पाणी फिरणारं भांडं. हे डॉक्टरणीच्या चाकांच्या स्टुलावर बसून उतारांची माहिती देत होते, डॉक्टरीण ओतत होती. मला एका गोष्टीचा भरवसा होता: चव नाही कळली तरी डागावरून आपण वाइन ओळखू. मी प्रत्येक पेल्यातला एकेक थेंब पांढऱ्या फडक्यावर टाकला, कडा न्याहाळल्या, आणि ठामपणे सांगितलं की तिसरी सगळ्यात उंची. त्या डागाला काय खोली होती रे! तर तो डॉक्टरणीच्या फ्रिजमधला डाळिंबाचा रस निघाला. हिनं मुद्दाम मिसळला होता. हे इतके हसले की स्टूल यांना घेऊन यंत्रांच्या कपाटापर्यंत घरंगळत गेलं. मग मी डाग सोडला आणि जिभेवर आले. घोट घेऊन, डोळे मिटून, त्या भांड्यात थुंकू लागले.

नेमका तेव्हाच पोस्टमन आला. बिचाऱ्याची दाढ सकाळपासून ठणकत होती, गाल टम्म सुजलेला, दिवा दिसला म्हणून दार ढकललं. समोर मी आडवी, हनुवटीवरून लाल ओघळ, भांड्यात लाल पाणी गरगरतंय, कोपऱ्यात एक म्हातारा पोट धरून वाकलाय, आणि जांभळ्या दातांची डॉक्टरीण हातात बाटली घेऊन हसत हसत म्हणते, "या या, आता तुमचाच नंबर!" तो जिना उतरला तो पायऱ्यांवरून उतरला असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारपूस केली तर म्हणाला, दाढ एकदम थांबली, आता कसलाच त्रास नाही. तेव्हापासून वरच्या मजल्याचं टपाल तो माझ्याच काउंटरवर ठेवून जातो.

तर अशी आमची जय्यत तयारी झाली आहे. टेबलक्लॉथसाठी औषधांची पेटी भरली, यांचा खडक फोडायचा हातोडा मी बॅगेतून दोनदा काढला आणि यांनी तो तीनदा भरला. पुढच्या शुक्रवारी सकाळी निघायचं. रस्ता डोंगरातला, वळणावळणाचा आहे म्हणतात. ते होईल काहीतरी. माझ्यावर रागावू नकोस. रागावलास तरी जाणार आहेच, पण न रागावलास तर हलक्या मनानं जाईन. वहिनीला माझा नमस्कार सांग आणि स्वतःकडे बघ.

तुझी,
कात्री

ता. क. — रस्त्याचं 'होईल काहीतरी' लिहिलं खरं, पण होत नाहीये. त्या मळ्यापर्यंत आगगाडी जात नाही, हंगामात टॅक्सीवाले उभे राहत नाहीत. हे चालवतात, पण कापलेली दरड दिसली की गाडी थांबवून उतरतात. मी चालवायला शिकले होते, पण ज्या खांबावर शिकले तो अजून वाकडा उभा आहे. भरवसा होता डॉक्टरणीवर, तर तालमीनंतर तिनं जाहीर केलं: आयुष्यभर लोकांना 'थुंका' म्हणत आले, आता मी एक थेंबही थुंकणार नाही. घाटात गाडी चालवू शकेल, वाइनच्या वासालाही उभा राहणार नाही, आणि उतरताना आमचे तिघांचे जीव ज्याच्या हातात निर्धास्त सोपवावेत असा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. निवृत्त होताना किल्ली टेबलावर ठेवून, आता चाकाला हात लावणार नाही, असं तू सगळ्यांसमोर म्हणालास ते मला माहीत आहे. तेव्हा तू बसबद्दल बोलत होतास. ही मोटार आहे.

ता. क. २ — हे कोणालाच बोलले नाही, तुलाच लिहिते. मला ती वाइन आवडली नाही. खिळे भिजत घातलेल्या पाण्यासारखी लागली, एकूण एक. (डाळिंबाचा रस मात्र फार सुरेख होता.) पण आवडत नाही हेसुद्धा मी तिथे जाऊन, मालकासमोर बसून, नीट चाखून ठरवणार. कोणाच्या तरी शर्टावरून नाही.

ता. क. ३ — वहिनीशी बोलणं झालंय. तीही येते आहे, तुझीही बॅग तिनं भरली आहे, आणि तू 'हो' म्हणाल्याचं तिनं मला परवाच कळवलं. तुला सांगायचं राहिलं असेल. तिनं आणखी एक सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. म्हणाली, इतकी वर्षं हे लोकांना कुठे कुठे पोचवून आले, पण कुठलंच गाव यांनी स्टँडच्या पलीकडे बघितलेलं नाही. माणसं उतरली की गाडी वळवायची आणि परत. तर दादा, शुक्रवारी ये. आणि वर पोचल्यावर गाडी बंद करून, किल्ली खिशात टाकून, आमच्याबरोबर तूही उतरायचं आहेस.