बशीतला चहा

३ फेब्रुवारी
आजपण दुपारी मेल्यासारखी झोपले. साडेपाचला जाग आली, तोंडाला कोरड. शेजारी मॅडमची पिहू तशीच आडवी. तीन वर्षांचं पोर, हिनं तरी घर डोक्यावर घ्यावं. मॅडम उलट म्हणाल्या, "दमतेस गं कुंदा." या चिकूच्या वाडीत चिटपाखरू नाही. एक पोर सांभाळायचं, दमायला काम तरी कुठंय?
दुपारचा चहा मॅ. स्वतः करून देतात. असं घर मिळायला नशीब लागतं.

६ फेब्रु.
दातिवऱ्याहून वनिताचा फोन. बहीण माझी, तोंडानं फटकळ. "दुपारी झोपतेस? तू? सुकट राखायला उनात बसायचीस, तवा डोळा नाय लागला कदी. बरी हायस ना?" वय झालं म्हटलं. हसली नाही.

१० फेब्रु.
पिहूला बोईसरला डॉक्टरकडे नेलं. वजन उतरलंय. डॉक्टरांनी विचारलं, "इतकी सुस्त का?" मॅ. रडल्या. "दुपारचाच काय तो वेळ मिळतो मला, तेव्हा ही झोपलेली. आणि उठली की कुंदा, कुंदा." वाईट वाटलं. पोर माझ्याच कमरेला चिकटलेलं असतं, खोटं कशाला बोलू.

१३ फेब्रु.
मॅ. आणि साहेब मनोरला, लग्नाला. चहा माझा मीच केला. रोजच्यासारखा पिहूला बशीभर दिला, खारी बुडवून. मॅ.ना चालत नाही म्हणून चोरून. आमच्याकडे दात आले की बशी मिळते.
आज दोघींना झोप नाही. पिहू अंधार पडेपर्यंत झाडांतून धावली.
भांडी घासताना ती बशी हातात आली. मॅ.च्या चहात काहीतरी... आणि मी माझ्या हातानं पोराला

१४ फेब्रु.
चहा मोरीत ओतला. डोळे मिटून पडले. मॅ. आल्या. माझा खांदा हलवून बघितला, दोनदा. मग पिहूला मांडीवर घेतलं. "सांग, आई कोण?" पिहूनं माझ्याकडं बोट केलं असणार.
"नाही. कुंदा नुसती झोपते. आई कोण?"
किती वेळ तेच. आवाज गोड. भीती वाटली आणि कीवही आली.

१५ फेब्रु.
साहेबांना सांगावं, तर पोराला चहा कुणी पाजला? मीच. पळावं, तर पिहूला कुणाच्या भरवशावर सोडू? फार थकलेय. वनिताला सगळं सांगितलं. "उद्या दुपारपर्यंत येते मी. तू चा पिऊ नको."

१६ फेब्रु.
वनिता आली नाही अजून. मॅ. आज कप देऊन गेल्या नाहीत, दारातच उभ्या. "पिहू म्हणते, कुंदानं चा सांडला. आज माझ्यासमोर पी."
पिहूनं हात पुढं केला. "बशी."
"कसली बशी?"
माझ्या तोंडून निघून गेलं, "रोज अर्धा हीच पिते, मॅडम. देऊ?"
मॅ.नी झडप घालून कप हिसकावला. चहा फरशीवर.
आता पिहू माझ्याजवळ आहे. फाटकाला कुलूप आहे, किल्ली मॅ.कडं. त्या स्वयंपाकघरात आहेत. पुन्हा चहाचं आधण ठेवलंय.