सहज, मनापासून, पडद्यामागून

आमोणे, डिचोली
३ नोव्हेंबर १९९३

चि. सौ. पद्मावती हिस,
जयरामदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू दिवाळीला येत नाहीस हे कळलं. तुझ्या वाटणीचे गूळपोहे मी खाईन, काळजी करू नकोस. पत्रास कारण वेगळं आहे. या महिनाअखेर मी कचेरीतून निवृत्त होतोय, आणि सहकाऱ्यांनी डिचोलीला हॉल घेऊन निरोपसमारंभ ठरवला आहे. त्यात आमच्या दत्तप्रसादाचा मस्कतहून फोन आला. म्हणाला, बाबांचं भाषण व्हिडिओवर घ्या, मला बघायचंय. आणि बाबा, कागद वाचू नका, सहज मनापासून बोला. लग्नांचे व्हिडिओ काढणारा कृष्णनाथ यायला कबूलही झाला.

आता माझी अडचण तुला ठाऊक आहे. देवळातल्या काल्याच्या उत्सवातल्या नाटकात मी तीस वर्षं राजा होतोय, भर दरबारात गर्जतो. पण त्या गर्जना पडद्यामागून प्रॉम्प्टर पुरवतो. स्वतःचं वाक्य उभ्याने बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. गेल्या वर्षी बाबुरावाच्या निरोपाला मी 'सन्माननीय अध्यक्ष' एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं.

तेव्हा उपाय असा काढला आहे. भाषण तू लिही, शुद्ध मराठीत, सहज वाटेल असं. ते सहज वाटावं म्हणून मी तीन आठवडे तालीम करीन. नाटकातला आमचा प्रॉम्प्टर विठू आला असता, पण नवे दात बसवल्यापासून त्याच्या प्रत्येक 'स'ची शिट्टी होते. म्हणून पडद्यामागे तुझी वहिनी कमलाक्षीच बसेल. मंचावर माझ्या बाजूला तिची खुर्ची असते, ओटी वगैरे भरायची असते, पण तिला ताप आलाय असं सांगून टाकू.

जाता जाता आणखी एक. राणीचं काम करायला फोंड्याहून यायची ती नटी यंदा दुसरीकडे अडकली आहे, आणि तुझ्या वहिनीने पुन्हा तेच टुमणं लावलंय, की मी करते. बावन्नाव्या वर्षी राणी! लोक हसतील, दुसरं काय. ती तुझं ऐकते, चार शब्द समजावून लिही.

भाषण लवकर धाड. लोभ आहेच, कमी करायचा झाला तर भाषण पोचल्यावर कर.
तुझा,
जयरामदादा


शहापूर, बेळगाव
१२ नोव्हेंबर १९९३

ती. सौ. वहिनीस,
पद्माचा सा. न. वि. वि.

तुला चार शब्द समजावून लिहायला दादाने मला सांगितलंय. ते लिहिते. राणी तूच कर.

म्हणे बावन्नाव्या वर्षी लोक हसतील. हा अठ्ठावन्नाव्या वर्षी केसांना कलप लावून, पोट शेल्याखाली आवळून पंचविशीचा राजा होतो, तेव्हा लोक काय रडतात? पेडण्याला माहेरी तू नाटकांत किती कामं केलीस ते मला ठाऊक आहे. आमच्या घरात पाऊल टाकलंस आणि ते संपलं. घरच्या बायका मंचावर जात नाहीत, हे वाक्य आमच्या आईचं. दादाने ते उचललं. त्याची सगळी वाक्यं उचललेलीच असतात, म्हणून तर मला एक युक्ती सुचली आहे.

सोबत भाषण आहे, ते त्याला दे. त्यात वेगळी चिठ्ठी आहे, ती तुझ्यापाशी ठेव. भाषणात 'माझ्या सेवेत माझ्या कुटुंबाचा मोठा वाटा आहे' असं वाक्य येतं. त्याच्या पाठोपाठ तू चिठ्ठीतलं सांगायचंस: 'आणि यंदाच्या काल्यात राणीचं काम माझी पत्नी कमलाक्षी करणार, हे मी सर्वांसमक्ष जाहीर करतो.' दादा ते बोलणारच. त्याच्या कानात शिरलेलं थेट तोंडातून बाहेर येतं, वाटेत डोक्यात थांबत नाही. विठू एकदा पडदेवाल्यावर खेकसला होता, 'दोरी सोड, मेल्या', आठवतं? दादाने सेनापतीचा दंड धरून तेच ठणकावलं, आणि त्या बिचाऱ्याने घाबरून तलवार टाकली.

इथे तर व्हिडिओ आहे. एकदा कॅसेटमध्ये गेलं की दादाला मागे घेता येणार नाही. दत्तू मस्कतला बघेल, मी इथे बघीन, सगळी कचेरी साक्षीला असेल. तू फक्त आवाज थरथरू देऊ नकोस.

हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल, आणि माझ्यावरची माया मात्र बाहेर ठेव.
तुझी,
पद्मा


आमोणे
२१ नोव्हेंबर १९९३

सौ. पद्मावन्संना,
कमलाक्षीचा स. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी वाचून मी एकटीच हसत बसले. यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, पाववाल्या पोदेराने आज उंडे करपवले. यांना ते पटलं. यांना हल्ली भाषणापलीकडे काही दिसत नाही.

तालीम रोज स्वयंपाकघरात चालते. मी चुलीच्या वैलाकडे तोंड करून सांगते, हे माझ्या पाठीमागे उभं राहून बोलतात. नदीवरून खनिजाची बार्ज गेली की भोंग्यात माझा आवाज बुडतो. मग हे तोंड उघडं ठेवून, हात वर करून, बार्ज जाईपर्यंत तसेच उभे. रुमाल कुठे काढायचा याचीही खूण ठरली आहे. काल विचारत होते, की डोळे पुसणं सहज वाटतं ना? मी म्हटलं, अगदी, कालच्यापेक्षा सहज.

वन्सं, राणीचं मला तसं काही नाही असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. मला ते काम हवं आहे. फार हवं आहे. दर वर्षी यांची राजाची वाक्यं घोटून घेताना, डाळ ढवळता ढवळता, मी सगळ्या राण्या झाले. एकेकीचा शब्द न् शब्द मला येतो. पण त्या डाळीशिवाय कोणी ऐकलं नाही. यंदा काम दुसरीकडे गेलं तर पुढच्या वर्षी मलाच मागावंसं वाटणार नाही, हेही कळतं.

आणि दुसरं एक मनाला लागलं, ते तुमच्याशिवाय कोणाला सांगू? दत्तूने पाठवलेली साडी मी या समारंभासाठी राखली होती. आता ती नेसून पडद्यामागे बसायचं आणि पुढे माझी खुर्ची रिकामी. यांच्या ते मनातही आलं नाही, मीही बोलले नाही.

चिठ्ठीतलं मी सांगीन, असं आज वाटतंय. यांना एकदा फसवायला माझी हरकत नाही. बघू त्या वेळी कसं होतं ते.

मुलांना आशीर्वाद. तुमची माया आहे तेवढी पुरे, पण थोडी वाढली तर नको म्हणणार नाही.
आपली,
कमलाक्षी


शहापूर
१८ डिसेंबर १९९३

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कॅसेट पोचली. शेजारी देसूरकरांकडे व्हीसीआर आहे, तिथे आळीतली निम्मी माणसं घेऊन बसले. कृष्णनाथाने माइक काय पडद्यालाच बांधला होता? प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, आधी तुझ्या आवाजात खणखणीत, मग दादाच्या. राजभाषेचा, कोकणी-मराठीचा वाद झाल्यापासून गोव्यात भाषण दोनदा करायचं ठरलंय का, असं देसूरकरांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं. तू हळूच 'रुमाल काढा' म्हणालीस, तेही दादाने सभेला सांगितलं, आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी खरंच काढले.

मग कुटुंबाचं ते वाक्य आलं. मी पुढे सरकून बसले. आणि तुझा आवाज येईचना. दादा हात वर करून, तोंड उघडं ठेवून उभा, नदीवरून बार्ज जातेय तसा. खोकला. पाय आपटला. मग सभेकडे पाठ करून पडद्याला म्हणाला, 'कमळ, खंय गेलें गो?'

हॉल हसायला लागला. दादाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर कोणीतरी तुझ्या ओटीचा नारळ आणि केसांत माळायचा अबोलीचा वळेसर ठेवला होता. मग माइकपाशी येऊन म्हणाला, 'हिका ताप ना. ही पडद्याफाटल्यान आसा. तीस वर्सां ही उलयता, हांव फकत तोंड हालयतां.' तीस वर्षं बोलतेस तू आणि तो नुसतं तोंड हलवतो, असं कबूल करून आत गेला आणि तुला हाताला धरून घेऊन आला. मराठीच्या मोर्चात सगळ्यांच्या पुढे झेंडा धरणारा माझा भाऊ भर सभेत घरच्या बोलीत बोलला, आणि मी देसूरकरांच्या दिवाणखान्यात ढसाढसा रडले. तुझी साडी सुंदर दिसते.

पण वहिनी, माझं वाक्य कुठे गेलं? तू एवढं म्हणाली असतीस की राणी तुझी होती. मला राग आलाय. तो गेला की मागच्यासारखी माया करीन.
तुझी,
पद्मा


आमोणे
२७ डिसेंबर १९९३

सौ. पद्मावन्संना,
स. न. वि. वि.

रागावू नका. वाक्य ओठावर आलं होतं. चिठ्ठी हातात धरली होती. आणि वाटलं, मी ते म्हटलं की हे लगेच म्हणतील, आणि ते काम मला मिळेल, पण ते यांनी दिलेलं असणार नाही. मीच मागितलं आणि मीच हो म्हटलं असं होईल. मला यांच्याकडून हवं होतं हो. पुढचं वाचायला गेले तर डोळ्यांत पाणी, अक्षर दिसेना. म्हणून गप्प झाले. त्यात शहाणपण काही नव्हतं.

घरी येताना बसमध्ये यांनी विचारलं, की पुढचं वाक्य काय होतं? मी चिठ्ठीच हातात दिली. वाचून यांनी ती खिशात घातली आणि आमोण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर महिना होत आला, त्यावर अक्षर नाही. राणी अजून कोणी ठरलेली नाही. मीही विचारणार नाही. सगळ्या जगासमोर मला बाहेर आणलं, तेवढं पुष्कळ झालं असं मनाला सांगते. मन ऐकत नाही.

राग गेला असेल तर दोन ओळी लिहा.
आपली,
कमलाक्षी


आमोणे
२३ जानेवारी १९९४

चि. सौ. पद्मावती हिस,
जयरामदादाचे आशीर्वाद, जरी तू ते कमावले नसलेस तरी. वि. वि.

तुझी चिठ्ठी माझ्यापाशी आहे. कमळने ते वाक्य सांगितलं असतं तर मी म्हणून टाकलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी नाटकमंडळीत जाऊन सांगितलं असतं की ते पद्माचं वाक्य, माझा संबंध नाही. हेडक्लार्कला असल्या पळवाटा बऱ्या माहीत असतात. तिने गप्प बसून तीही वाट ठेवली नाही. मग महिनाभर मी ते वाक्य स्वतःचं करत होतो. आमचं नाटक बाबुराव बसवतो, त्याच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि काजूची चौकशी करून परत आलो. तिसऱ्यांदा म्हणालो. अडखळलो, पण म्हणालो, की राणी कमलाक्षी करील, आणि ती करावी असं मला वाटतं.

घरी येऊन तिला सांगितलं तर ती उठून नदीकडे गेली. संध्याकाळी जेवताना मला मासळीचा मोठा तुकडा वाढला, तेव्हा मला जरा धीर आला.

पहिली तालीम परवा झाली. ती उभी राहिली, बोलायला लागली, आणि मंडळी सुपारी चघळायची थांबली. ते चांगलंच झालं. वाईट पुढे झालं. बाबुरावाने आम्हा दोघांना शेजारी उभं केलं, लांब जाऊन बघितलं, मान वाकडी करून बघितलं, आणि चारचौघांत सांगितलं की राणी उत्तम आहे, पण शेजारी राजा उभा राहिला की तिचा बाप तिला माहेरी न्यायला आल्यासारखा दिसतो. मंडळीत एकही विरोधी मत पडलं नाही. राजाचं काम बँकेतल्या गुरुदासाला गेलं. तो चाळिशीचा आहे आणि कलप लावत नाही.

मला प्रधान केलंय. अख्ख्या नाटकात प्रधानाला एकच वाक्य आहे, 'जशी आज्ञा, राणीसाहेब.' विठू त्याच्या शिट्टीसकट ते सांगायला सरसावला होता, पण त्याने तोंड उघडायच्या आत माझं बोलून झालं होतं.

काल्याला नक्की ये, आणि मंडळींत मला हसू नकोस. लोभ आहे, तो या पडत्या काळात जास्त लागेल.
तुझा,
जयरामदादा
निवृत्त हेडक्लार्क आणि निवृत्त राजा