चौथ्या चाकाचा हब

दादा,

वर्कशॉपमध्ये कुणीतरी चोरून येतंय, हा संशय मला महिनाभर छळत होता. नट आवळायचे पाने जागेवर, पण नको इतके पुसलेले. मी शेजारच्या वेल्डरवर पाळत ठेवली, शेवटी कुलूपच बदललं.

आज बाबांच्या जुन्या सुबारू गाडीवरचं कापड ओढलं. मोठी चाकं बसावीत म्हणून मी चाक ज्यावर बसतं ते हब बदलणार होते, तर तीन आधीच बदललेले! आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळी रेघ. अशी खूण करणारा घरात एकटा तू, आणि बाबांशी भांडून "पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही" म्हणणाराही तूच.

बाबा चार दिवस नव्या किल्लीसाठी मागे लागलेत. आज काढून दिली. त्यांच्या नखात अजून पिवळा रंग आहे.

चौथ्या चाकाला मी हात लावणार नाही, ते तुम्हा दोघांचं; आणि हे पत्रही पाठवणार नाही.

काहीच न कळलेली,
तुझी धाकटी बहीण