चार नंबरचं चित्र

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्यावर एक अन्याय झाला, आणि तो इतका हास्यास्पद आहे की लिहिताना मजा येतेय. पण क्रमाने.

दिल्लीतल्या द्वारकेत येऊन आठवडा झाला. मुलगा सुयश आणि सून मयुराने मला दिलेली खोली माझ्या पुण्याच्या हॉलपेक्षा मोठी आहे. दाराला स्वतंत्र कुलूप, भिंतभर कपाट, आणि नवव्या मजल्याच्या खिडकीतून विमानं एवढी जवळून जातात की पहिले दोन दिवस मी उगाच मान खाली घालत होते. नात सुखदा सात वर्षांची, पुढचा एक दात पडलेला. संध्याकाळी माझ्या पलंगावर उड्या मारते आणि मला ‘आजी, यार, तू किती स्लो आहेस’ म्हणते. दिल्लीत वाढल्यामुळे तिचं निम्मं मराठी गळून गेलंय. ते परत आणायचं काम मी घेतलंय. विमा कंपनीत उभा जन्म लोकांचे खोटे दावे पकडण्यात गेला. त्यापेक्षा हे काम केव्हाही बरं.

आता तो अन्याय. सोसायटीसमोरच्या इमारतीत डॉ. अलकनंदा नावाच्या बाई मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक चाचणी शिकवतात. माणसाला घर आणि झाड काढायला सांगायचं आणि चित्रावरून त्याचा स्वभाव ओळखायचा. सरावाला अनोळखी लोकांची चित्रं लागतात. मयुरा म्हणाली, आई, जा ना, ओळखी होतील. गेले. आम्ही पाच जण होतो. चित्रावर नाव घालायचं नाही, फक्त नंबर. माझा चार. मी आंब्याचं झाड काढलं, कौलारू घर काढलं आणि उघड्या दारात सुखदाला उभं केलं.

इथली पद्धत अशी की चित्र काढणाऱ्यांनी शेवटच्या रांगेत गप्प बसायचं आणि विद्यार्थ्यांनी मागे न बघता वाचन करायचं. काढणारा ऐकतोय म्हटलं की जीभ ताळ्यावर राहते, असं बाईंचं म्हणणं. एकमत झालं की निष्कर्ष सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा, मग नंबर पुकारायचा आणि ज्याचा असेल त्याने हात वर करायचा.

चार नंबर म्हणून भिंतीवर लागलं ते चित्र माझं नव्हतं. घराला बाहेरून भलंमोठं कुलूप, खिडकीच्या कोपऱ्यात एक इवलंसं तोंड, झाडाचा नुसता बुंधा. धीरज नावाच्या विद्यार्थ्याने चार आणि पाच नंबर चिकटवताना अदलाबदल केली होती. वर्ग एका सुरात म्हणाला, या व्यक्तीने घरातल्या लहान मुलाला कोंडून ठेवलं आहे, ती पुन्हा कोंडेल, आणि तिला त्याची शरम वाटते. मग पुकारा झाला, ‘नंबर चार’, आणि माझा हात वर गेला. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर मुलींना नंबरानेच हाक मारायच्या. आधी हात, मग तोंड, हा नियम. साठी उलटली तरी हाताला तेवढंच ठाऊक आहे.

तोंड उघडेपर्यंत माझं आंब्याचं चित्र पाच नंबर म्हणून लागलंसुद्धा. या व्यक्तीवर घरातली मुलं जीव टाकतात, असा निष्कर्ष निघाला. माझ्या शेजारी बसलेले दिनकर नावाचे वाळके गृहस्थ, गाझियाबादहून आलेले, त्यांनी निमूट हात वर केला.

जेवताना मी हे सगळं नकलांसकट सांगितलं. सुयश ठसका लागेपर्यंत हसला. मयुरापण हसली, जरा उशिराने.

बुधवार, ५ नोव्हेंबर

डॉ. अलकनंदांना भेटून चूक सांगितली. बाई गोड आहेत, गुळाच्या ढेपेसारख्या, आणि तेवढ्याच जड. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाल्या, अशी चित्रं काढणारे बहुतेक जण आधी चित्रच नाकारतात. मी म्हटलं, नाकारत नाहीये, ते माझं नाहीच. त्या म्हणाल्या, बिल्कुल, असंच म्हणतात. शेजारी धीरज माझं बोलणं टिपून घेत होता. मी त्याला विचारलं, बाळा, नंबर लावताना हे डोळे कुठे होते? त्याने तेही टिपलं.

एकमताने झालेलं वाचन बदलत नाहीत म्हणे. विद्यार्थ्यांचे गुण त्यावर ठरतात.

परतताना लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. आंटीजी, तबियत ठीक है ना, म्हणाली. माझे कान तापले. एखादं पाप उघडं पडल्यासारखी मी नजर चुकवली. कशासाठी? कसलं पाप?

शनिवार, ८ नोव्हेंबर

शरम जात नाही. सकाळी उठते तेव्हा ती आधीच उशाशी बसलेली असते. मी आठवून पाहते की काय केलं, कोणाला दुखावलं. काहीच सापडत नाही. दावा आहे, पण घटना घडलेलीच नाही. असा दावा मी एका ओळीत फेटाळला असता.

सुखदा पलंगावर उड्या मारायला येत नाही. आज बोलावलं तर दारातच थांबली. कपाटाकडे बघत होती. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, आजी, तू मला बंद करणार ना?

मी तिला ओरडले, असलं कोण शिकवतं म्हणून. ती पळाली. मग लक्षात आलं की माझा हात कपाटाच्या किल्लीवर होता. कपाट उघडायचं माझ्या मनातही नव्हतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हवा इतकी खराब की शाळा बंद. वर्ग टॅबलेटवर. सुयश आणि मयुरा ऑफिसला, म्हणजे दिवसभर सुखदा आणि मी. खिडकीबाहेर काही दिसत नाही, समोरची इमारतसुद्धा नाही.

दिवस नीट गेला. मुद्दाम लिहून ठेवते, नीट गेला. मी स्वयंपाकघरात बसले, ती हॉलमध्ये. दोनदा माझ्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले होते, ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी मयुराने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, सुखू तुमच्या खोलीला घाबरते का? मी म्हटलं, मला काय माहीत. आवाज चोराचा निघाला. तिने तो ऐकला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज डॉ. अलकनंदांच्या संस्थेत दिनकर भेटले. ओळखू आले नाहीत. गाल भरलेत, शीळ घालत समोसा खात होते. मी बाजूला घेऊन सांगितलं की ते कुलपाचं चित्र तुमचं आहे, बाईंना तेवढं सांगा.

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं की नातवाला त्यांनी एकदा, फक्त एकदा, शिस्तीसाठी कोंडलं होतं. तेव्हापासून मुलाने त्याला त्यांच्यासमोर येऊ दिलं नव्हतं. वर्षं झाली. आणि गेल्या रविवारी तो आपण होऊन आला आणि मांडीवर झोपला. सांगताना त्यांचे डोळे भरले. शरम गेली, म्हणाले. अंगातून ताप उतरावा तशी गेली.

मी म्हटलं, ती कुठे गेली ते मला माहीत आहे. परत घ्या. माझ्या घरीही लहान मूल आहे.

ते माझ्यापासून पाऊलभर मागे सरकले आणि म्हणाले, ‘बहनजी, हाथ तो आपने उठाया था.’

उरलेला समोसा टाकून निघून गेले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बाईंना म्हटलं, पुन्हा काढते, सगळ्यांसमोर काढते, मग तर झालं? त्या लगेच तयार झाल्या. मला फळ्याजवळ बसवलं. मी आंबा काढायला घेतला. कौलं काढायला घेतली.

झाडाचा बुंधाच झाला.

मी थांबायला हवं होतं. पण हात घरावर गेला आणि दाराबाहेर कुलूप काढू लागला, छान गोल, नीट छायेसकट. मला चित्रकला कधीच येत नव्हती. खिडकीतलं तोंड या वेळी ओळखू आलं. पुढचा एक दात पडलेला.

धीरजने पाणी आणून दिलं, माझ्याकडे न बघता. सगळ्यांदेखत परकर सुटल्यासारखं झालं.

सुयशला सांगितलं, सुखूला माझ्याजवळ ठेवू नकोस. तो म्हणाला, आई, ड्रामा नको, यार, सोमवारी आम्हा दोघांपैकी कोणालाच सुट्टी मिळणं शक्य नाही. तुला काय होतंय, असंही विचारलं त्याने. सांगता आलं नाही. काय सांगू? अजून काहीच केलेलं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

केलं.

दूध सांडलं होतं, एवढंच. मी फडकं आणायला वळले. पुढचं मला — पुढे मी पलंगावर बसले होते, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा, आणि कपाटातून काहीही आवाज येत नव्हता. तेच सगळ्यात वाईट. काहीही आवाज नाही.

उघडलं. माझ्या साड्यांखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, आजी, मी मम्माला सांगणार नाही, प्रॉमिस.

तिने माझी शरम झाकली. सात वर्षांच्या पोरीने.

रात्री सांगायचंच ठरवलं होतं. दोघं जेवायला बसले. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दोघं गेले. शाळा बंदच. मयुरा दारात घुटमळली. आता सांग, आता सांग, म्हणत होते मनात. ती लिफ्टमध्ये शिरली.

मग जे सुचलं ते केलं. सुखूला हॉलमध्ये टॅबलेटसमोर बसवलं, बिस्किटं ठेवली, मी खोलीत आले, दाराला आतून किल्ली फिरवली आणि जुडगा खिडकीतून खाली फेकून दिला. नवव्या मजल्यावरून. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. आता मी तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास —

आता पत्र लिहिते. मयुरा आली की पोचवेल.

डॉ. अलकनंदा यांस. ३ नोव्हेंबर रोजी सकाळी ११.२० वाजता चार नंबरखाली वाचलेलं चित्र माझं नव्हतं. चूक आपल्या विद्यार्थ्याची आहे. वर्ग पुन्हा बोलवा, वाचन सगळ्यांच्या तोंडून मागे घ्या. गुरुवार, २० नोव्हेंबर, सायंकाळी पाचपूर्वी मला लेखी उत्तर —

हॉलमध्ये टीचर हाक मारतेय. सुखदा, बेटा, कॅमेरा ऑन करो.

पुन्हा.

सुखदा, बेटा, कहाँ हो?

बाथरूमला गेली असेल. मीच तिला बसवलं होतं. हाताला धरून बसवलं — हाताला धरून आणलं — कुठे —

टकटक. दारावर नाही.

हळू. बोटाच्या पेराने. माझ्या पाठीमागे. साड्यांमुळे आवाज दबून येतोय.

कपाटाची किल्ली त्याच जुडग्यात होती.

खिडकीतून ओरडले. खाली नुसता धूर. फोन हॉलमध्ये. कपाटाचं दार ओढतेय, हलत नाही, नखं — ती आतून म्हणतेय, सांगणार नाही, आजी, सांगणार नाही, सांगणार —

गुरुवारपर्यंत नको. आज. आज बारापूर्वी, लेखी, आपल्या सहीने, की ते चित्र माझं नव्हतं, हात चुकून वर गेला, मी तसली नव्हते, बारापूर्वी, लेखी, मी तसली —