आत्याचे हात आणि मागची सीट

१० नोव्हेंबर १९३४, शनिवार. रत्नागिरी

पुण्याहून संस्थेचे उत्तर आले. मुलींच्या शाळांच्या फिरत्या तपासनीसाचे काम मला देतात, पण अटी आहेत. घरचे कोणी बाईमाणूस सोबत हवे. वाहन संस्था घेईल, निवड मी करायची आणि सव्वीस तारखेपर्यंत तारेने कळवायची. डिसेंबरअखेर दापोलीपर्यंतच्या शाळा पाहून अहवाल गेला नाही, तर जागा एका गृहस्थांना देतील.

खाडीकाठच्या शाळांत पटावर मुली आहेत. वर्गात किती बसतात ते कोणी पाहिलेले नाही, कारण तिथवर कोणी जातच नाही. दर दोन महिन्यांनी एक बाई दारात उभी राहिली, तर आईबाप मुलीला इतक्या सहज शाळेतून काढणार नाहीत. माझा तसा विश्वास आहे. अण्णांना हे सांगता सांगता माझा आवाज चढला.

अण्णा एवढेच म्हणाले, "आणि सोबत कोण? तुझ्या आईला घर सोडता येत नाही."

स्वैपाकघरातून आत्या म्हणाली, "मी जाईन की."

अण्णांची ही थोरली बहीण. विधवा, सोवळी. तीस वर्षांत हातखंब्यापलीकडे गेलेली नाही. अण्णांनी चष्मा काढून पुसला. नाही म्हणाले नाहीत.

१२ नोव्हें., सोम.

भाऊ दिवाळीला मुंबईहून आला आहे, तेथे मोटारींच्या कारखान्यात असतो. दोन फटफट्या विकाऊ आहेत, दोन्ही त्याने पाहून ठेवल्या. एक बंदरावरच्या साहेबाची. जड, दोन नळकांड्यांची, डाव्या अंगाला साइडकारची पेटी. दुसरी चिपळूणच्या एका कंत्राटदाराची. हलकी, मागे गादीची सीट. दोन्ही तार करेपर्यंत वापरायला मिळतील.

वहीपुरती नावे: पेटीवाली ती पे., हलकी ती ह.

भाऊ म्हणतो, ह. घे. वाळूत रुतली तर दोघी मिळून उचलाल, पंक्चर तुझे तुला काढता येईल. अण्णा म्हणतात, पे. घ्या. "माणूस बसल्यासारखे तरी दिसेल." लोकांना काय दिसेल, हेच अण्णांच्या पोटात आहे.

१५ नोव्हें., गुरु.

गावामागच्या सड्यावर, मोकळ्या पठारावर, गाडी शिकते आहे. तिथे नुसता जांभा आणि वाळके गवत, बघायला गुरे तेवढी. कॉलेजात सायकल चालवीत होते, तोल जमतो. क्लच अजून जमत नाही. पाचवारी पायांत येते म्हणून पुन्हा नऊवारी काढली, कासोटा घातला की टांग टाकता येते. आई खूश. पाच वर्षे ती जे सांगत होती, ते या यंत्राने एका सकाळी करवून घेतले.

पोलीस कचेरीत परवान्यासाठी गेलो. साहेबांनी माझे नाव दोनदा विचारले, मग भाऊकडे पाहून तिसऱ्यांदा विचारले.

१७ नोव्हें., शनि.

आज ह.ची परीक्षा. आत्याच्या वजनाइतके तांदूळ भरून पोते मागच्या सीटवर करकचून बांधले. हातखंब्यापर्यंत जाऊन आले. चढ, उतार, वळणे. कुठे अडली नाही. भाऊ म्हणाला, "बीएबाई, झालं. करा तार."

उद्या आत्याला बसवून बघू आणि सोमवारी तार करू.

१८ नोव्हें., रवि.

पडलो.

गावाबाहेरच्या देवळापाशी. आत्या माझ्या कमरेला धरून छान बसली होती. देऊळ आले आणि तिने दोन्ही हात सोडून जोडले. नेमका तिथेच खड्डा. ती मागे कलली, मी तिला धरायला वळले, गाडी गेली. तिचे कोपर सोलले, डोक्यावरचा पदर धुळीने माखला. उठून आधी तिने देवळाकडे तोंड करून अर्धा राहिलेला नमस्कार पुरा केला.

"आत्ये, हात का सोडलेस?"

"देवळासमोरून जाताना हात जोडायचे नाहीत, तर करायचं काय गो?"

पोते हात जोडत नाही. पेट्रोल, टायर, वाळू, सगळ्याचा विचार केला होता मी. हा नाही केला.

घरी तिने सांगितले, विहिरीवर घसरले. आत्या अण्णांशी खोटे बोलली. माझ्यासाठी.

२० नोव्हें., मंगळ.

आज पे. आत्या साइडकारमध्ये मांडी घालून बसली. वाटेत म्हारुख, पिंपळ, पार जे दिसेल त्याला हात जोडत होती. डाव्या वळणावर तिचे चाक जरा उचलले, भाऊने तिच्या पायाशी वजनाला जात्याची एक तळी ठेवली. मग काही नाही. अण्णांनी दारातून पाहिले आणि मान हलवली. मला वाटले, सुटले.

संध्याकाळी दाभोळ खाडीवर होडी चालवणारे एक खलाशी पेठेत आले होते. भाऊने त्यांना पे. दाखवली. ते तिच्याभोवती फिरले, पाऊल टाकून रुंदी मोजली.

"ही माझ्या होडीत नाय यायची. दुचाकी आडवी करून नेईन. हिला दोन होड्या जोडाव्या लागतील, त्या साहेब लोक आले तरच जोडतात."

म्हणजे पे. घेतली तर खाडीच्या अलीकडूनच परत यायचे. माझ्या शाळा पलीकडे आहेत.

२२ नोव्हें., गुरु.

चार दिवस राहिले.

आत्याला सुचवले, एका हाताने धर, एका हाताने नमस्कार कर. म्हणाली, "एका हाताने देवाला काय, चल ये म्हणू?" तिची सूचना: प्रत्येक देवळापाशी गाडी थांबव. भाऊ हसला. "मग निघा आज, शिमग्याला पोचाल दापोलीत."

आणि मग मी जे बोलले ते इथे लिहिते, म्हणजे विसरायला नको. मी म्हटले, "ज्या देवाने तुला चौदाव्या वर्षी तसं केलं, त्याला एवढे हात जोडून तुला मिळालं काय?"

तिने चुलीवरचे भांडे उतरवून ठेवले आणि परसात गेली. आई माझ्याकडे पाहत राहिली. स्त्रियांच्या उन्नतीवर मी कॉलेजात दोन निबंध लिहिले आहेत, दोन्हींना बक्षीस मिळाले. घरातल्या एका स्त्रीशी मात्र...

२४ नोव्हें., शनि.

आत्या दोन दिवस माझ्याशी कामापुरते बोलते. आज सकाळी नारळ खोवता खोवता, वर न बघता:

"मिळालं काय विचारलंस ना. मला त्या दिवसापासून कोणी हात लावला नाही, मी कोणाला लावला नाही. शुभकार्यात तर समोरसुद्धा यायचं नाही. हात जोडायला तेवढं एक ठिकाण राहिलं. ते सोडून तुझ्या कमरेला धरायचं म्हणजे..."

मी तिथेच बसले. क्षमा मागितली, ती तिने ऐकली की नाही कळले नाही. खोवणी थांबली नव्हती.

दुपारी तीच भाऊला म्हणाली, "पोतं बांधलंत ना? मग मला बांधा."

२५ नोव्हें., रवि.

भाऊने सामानातून कारखान्यातला चामड्याचा पट्टा काढला. आत्याने त्याला हात लावला नाही, चामडे तिला चालत नाही. आपल्या जुन्या आलवणाचा, त्या लाल लुगड्याचा, उभा पट्टा फाडून दिला. तो तिच्या आणि माझ्या कमरेभोवती. हातखंब्यापर्यंत गेलो. देवळापाशी तिचे हात सुटलेले मला कळले, पाठीला एकदम गार वाटले. पण ती हलली नाही. गाडीही नाही.

येताना मी हळूच विचारले, "भीती वाटली?"

"तुला वाटली. पोट केवढं उडत होतं तुझं."

अण्णा दारात. लाल पट्ट्याने एकत्र बांधलेल्या आम्ही दोघी. "अक्का, हे काय?" आत्या म्हणाली, "सोबत." अण्णा ओटीवर गेले. तार करू नकोस असे मात्र म्हणाले नाहीत.

२६ नोव्हें., सोम.

तार केली. ह.

२८ नोव्हें., बुध., संध्याकाळ

उद्या निघायचे. सावर्डे, चिपळूण, मग खाडी. दोन साड्या, पटांची यादी, आत्याचा वेगळा तांब्या आणि सोवळ्याचे फराळाचे.

भाऊला गाठीची काळजी. एक टोक ओढले की सुटेल अशी गाठ त्याने मला शिकवली. म्हणतो, पडलात तर निदान एक तरी मोकळी होईल. घाटात उतारावर हे लागेल.

आत्याने ती गाठ पाहिली आणि सोडून टाकली. स्वतः मारली, पक्की. "तू खाली गेलीस नि मी वर रस्त्यावर उभी राहिले, तर घरी येऊन अण्णाला काय सांगू?"

"आत्ये, आणि तू गेलीस तर?"

"तर तुझं काम अडेल. म्हणून तर नीट चालव म्हणते."

भाऊ वैतागून बाहेर गेला. दोघांचेही मला पटते. गाडी माझ्या हाती आहे, म्हणजे ठरवायचे मीच. भाऊची गाठ मारली तर आत्याला कळेल, तिची मारली तर भाऊला.

पट्टा धुऊन दांडीवर घातला होता. अजून ओला आहे. गाठ कोणती ते सकाळी सहाला, निघताना.